मेहरुनबीनं सून कशी घालवली

मेहरुनबी मणेरीण आळीत शिरली की आधी तिचा आवाज यायचा, मग बांगड्यांचा, आणि ती स्वतः सगळ्यात शेवटी. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, काखेत पोर. पोर बदलत गेलं, काख तीच राहिली. चार पोरं झाली, चारी पोरगेच. बांगड्या भरण्यात तिचा हात असा की बाई सासूची गाऱ्हाणी सांगत राहायची आणि डझनभर बांगडी मनगटावर चढून बसलेली असायची. दुखलं कवा ते बाईला कळायचं न्हाई. हाताची पाच बोटं ती अशी काही दाबायची, आणि त्याच वेळी असं काही विचारायची, की बाईचं ध्यान हातावरून उडालंच पाहिजे.

तिला एक खोड होती. कुठल्याही घरात पोर रडायला लागलं की तिला दम निघायचा न्हाई. आया रानात गेलेल्या, घरात एखादी म्हातारी पोराला खुळखुळा दाखवतेय, आणि पोर टाहो फोडतंय. मेहरुनबी बांगड्या उंबऱ्यावर ठेवायची.

"आण हिकडं ते. भुकंनं मरतंय आणि तू खुळखुळा वाजीवतीस? खुळखुळ्यात दूध हाय व्हय?"

म्हातारी न्हाई-व्हय करेपर्यंत पोर पदराखाली गेलेलं असायचं. एकदोघींनी नाकं मुरडली, पण पोराच्या पोटात गेलेलं काय परत काढता येतंय? माझ्या धाकट्या भावाला तिनं असंच तीनदा पाजलंय. आईनं एकदा तोंडभर आभार मानले, म्हणजे पायलीभर शेंगा दिल्या. मेहरुनबी म्हणाली, "शेंगा कशाला? माझी छाती हलकी झाली, तुझं घर गप झालं. फिटंफाट."

आम्हा कुणब्यांच्या पोरांना पाजून तिच्या घरात काही बिघडत नव्हतं. बिघडायचं ते तिच्या स्वतःच्या लोकांत. मुसलमानांत एक रीत हाय आणि ती लय कडक. एका बाईच्या अंगावर प्यालेली पोरं सख्ख्या बहीणभावासारखी. मग तो एक घोट का असंना. त्यांचं लग्न लागत न्हाई. नुसतं प्यालेल्या पोराशीच न्हाई, त्या बाईच्या झालेल्या आणि व्हायच्या सगळ्या पोरांशी.

गावात मुसलमानांची घरं सहा. मेहरुनबीच्या नवऱ्यानं, रमजान मणेरानं, एक दिवस बोटं मोजली आणि त्याच्या ध्यानात आलं की चार घरांतल्या सगळ्या पोरी बायकोनं पाजून ठेवल्यात.

"माझ्या पोरांनी लग्नं करायची कुणाशी?" तो ओरडला. "गावातल्या सगळ्या पोरी तू त्यांच्या बहिणी करून ठेवल्यास!"

घरात ती दोघं त्यांची मुसलमानी बोली बोलायची, पण भांडण मात्र मराठीत. आपल्या बोलीतल्या शिव्यांना धार न्हाई असं रमजानचं मत होतं.

"मग जातील बाहेरगावी," मेहरुनबी म्हणाली. "एस्ट्या कशाला काढल्यात सरकारनं?"

पण रमजानला बाहेरगावची सून नको होती. त्याला सून पाहिजे होती ती हुसेन अत्ताराची. सहावं घर ते. हुसेन कुंकू, काळे मणी, सुया-दोरे, उदबत्त्या आणि कानात घालायचे अत्तराचे फाये विकायचा. रमजान आणि तो लहानपणापासून जोडीचे. एका सायकलवरनं दोघं वडूजच्या बाजाराला जायचे आणि एका भाकरीत दोघं जेवायचे. हुसेनच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा न्हवता. दहाव्या वर्षी त्याच्या बायकोला, नूरजहांला, दिवस गेले, तसं दोघा दोस्तांनी वडूजच्या चहाच्या हाटेलात ठरवूनच टाकलं, पोरगी झाली तर रमजानच्या धाकट्या दस्तगीरला द्यायची. पोरगी झाली. नाव जैतून. दस्तगीर तेव्हा आठ महिन्यांचा होता आणि भुईवर जे सापडंल ते तोंडात घालत होता. गाव त्याला नवरदेव म्हणायला लागलं.

रमजाननं बायकोला बजावलं, "अख्ख्या तालुक्यातली पोरं पाज, मी हूं की चूं करणार न्हाई. पर ह्या एका पोरीला अंगाला लावायचं न्हाई. शबूद दे."

"दिला बाबा," मेहरुनबी म्हणाली. "तिची आई हाय की पाजायला."

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जैतून दीड महिन्याची झाली आणि नूरजहांचं डावं थान सुजलं. लालभडक झालं, दगडासारखं घट्ट झालं, अंगात ताप भरला. शेजारची शालूबाई गावातली सुईण. तिनं बोटानं दाबून बघितलं आणि निकाल दिला.

"दूध नासलंय गं. पोरीला पाजशील तर ईख जाईल पोटात. बंद कर. दोन्ही बंद कर, त्या अंगाचं ह्या अंगात यायला काय येळ लागतोय?"

नूरजहांनं पाजायचं थांबवलं. हुसेन त्या दिवशी माल भरायला सांगलीला गेला होता. निरोप पोचला तसा तो बाजारपेठेतून एक काचेची बाटली घेऊन आला. होडीसारखी वाकडी. एका टोकाला रबराचं बोंड, दुसऱ्या टोकाला रबराचं झाकण, अंगावर आकड्यांच्या रेघा. गावात तशी बाटली कुणी बघितली नव्हती. दोन दिवस माणसं बघायला येत होती. हुसेन कुणाच्या हातात द्यायचा न्हाई. लांबून दाखवायचा.

रमजानची छाती तर वीतभर फुगली. "माझी सून काचंच्या बाटलीतनं पिती," तो बाजारात सांगत सुटला. "सायबाची पोरं पित्यात तशी."

हुसेननं पुढं आणखी डोकं चालवलं. बाटली काळ्या दोऱ्यानं पाळण्याला अशी टांगली की बोंड बरोबर पोरीच्या तोंडावर यावं. कुणी धरायला नको, कुणी मांडीवर घ्यायला नको. आत शेळीचं दूध, त्यात दुप्पट आडाचं पाणी, कारण शेळीचं दूध जड असं शालूबाईचं म्हणणं. बोंड खाली पडलं की हुसेन लुंगीला पुसायचा. लुंगीवरच सायकलची साखळी पुसलेली असायची. झाकणाच्या टोकाला आतनं दुधाचा पिवळा थर धरला. दिवस आंब्यांचे, माश्या अशा की बाटली काळी दिसायची.

चौथ्या दिवशी जैतूनला हगवण लागली. पडल्या पडल्या पिऊन दूध नाकातोंडात जायचं. तिचा कानही वाहायला लागला.

"दात येत असत्याल," रमजान म्हणाला.

"दीड महिन्याच्या पोरीला?" मेहरुनबी म्हणाली. "तुमची अक्कलदाढ आली न्हाई अजून, तिला कशी घाई?"

ती रोज हुसेनच्या घरी चक्कर टाकायची. पोरीला लांबून बघायची आणि हात पाठीमागं बांधून परत यायची. सहाव्या दिवशी पोरीची टाळू खोल गेली. शालूबाईनं टाळूवर गोडंतेलाचा बोळा ठेवला. तेल खळग्यात तळ्यासारखं साठलं. पोरगी रडायची, पण डोळ्यांत पाणी न्हाई. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. नऊ वर्षांनी झालेली लेक, नूरजहां तापात पडल्या पडल्या तिच्याकडं बघत राहायची.

आठव्या दिवशी सकाळी नर्सबाई आली. विजयमाला नाव, कराडकडची, सायकलवरनं पाच गावं फिरायची. आणीबाणी सरून वरीस उलटून गेलं होतं, पण नसबंदीची भीती अजून कुणाच्या अंगातनं गेली नव्हती. नर्सबाईची सायकल दिसली की बापयगडी ओढ्याकडं पळायचे. रमजान तेव्हा हुसेनच्या घरात सुनेला बघायला आला होता. चार लेकांचा बाप तो, त्याला पळायला जागाच उरली नाही. तो ज्वारीच्या कणगीमागं शिरला. हुसेनला खरं तर एकच पोर, त्यानं भ्यायचं काही कारण नव्हतं, पण रमजान शिरला म्हणून तोही शिरला.

पुढचं सगळं माझ्या आईनं सांगितलेलं. ती, मेहरुनबी आणि शालूबाई तिथंच बसल्या होत्या.

नर्सबाईनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग तिनं पाळण्यावरची बाटली काढली, झाकण उपसलं, वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"ही कुणी आणली?"

कणगीमागनं आवाज आला, "सांगलीवरनं आणलीया बाई. भारीतली हाय."

"तुम्ही प्या मग हिच्यातनं," नर्सबाई कणगीला म्हणाली. "उद्या सकाळी सांगा कसं वाटतंय ते."

मग तिनं नूरजहांला बघितलं. शालूबाईनं दूध नासल्याचं सांगितलं.

"नासायला थान म्हंजे काय दुधाचं भगुनं हाय, शालूबाई? दूध तुंबलंय, त्याची गाठ झालीया. गरम फडक्यानं शेका. पिळून काढा. आणि पोरीला त्याच अंगावर पाजा. जितकं पिईल तितकं मोकळं हुईल. बंद केलं म्हणून तर ठणका वाढला." तिनं नूरजहांला सुई टोचली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं. पाणी उकळून गार करायला लावलं, पेलाभर पाण्यात चिमटीभर मीठ आणि चमचाभर साखर घालून चाखलं. "आसवांपेक्षा खारट लागता कामा नये," म्हणाली, आणि चमच्यानं पोरीला पाजायला बसली.

नूरजहांनं पोरीला जवळ घेऊन बघितलं. आठ दिवस बंद ठेवलेलं दूध. दोन थेंब आले. पोरीला रबराची सवय लागलेली, तिनं तोंड फिरवलं.

"दूध येईल परत," नर्सबाई म्हणाली. "रोज लावत राहा, चार-पाच दिवसांत येईल. पण ह्या पोरीजवळ चार-पाच दिवस न्हाईत. नुसत्या मीठसाखरेवर किती ओढणार? अंगावर पाजणारी दुसरी कोण बाई हाय का इथं?"

सगळ्यांनी मेहरुनबीकडं बघितलं.

"न्हाई!" कणगी ओरडली. रमजान डोक्यावर ज्वारीचा भुसा घेऊन बाहेर आला, त्याच्यामागनं हुसेन. "तिनं शबूद दिलाय! ही माझी सून हाय!"

नर्सबाईला काही कळेना. आईनं तिला रीत समजावून सांगितली. एक घोट प्याली की ही दस्तगीरची बहीण. दस्तगीर तेव्हा नर्सबाईच्या चपलेचा पट्टा चावत होता.

"हा नवरदेव?" नर्सबाईनं विचारलं.

"व्हय," रमजान म्हणाला.

"मग बायको आधी जगंल असं बघा की. वरात कशाची काढणार हायसा?"

रमजान घाम पुसायला लागला. त्याचं खोटं नव्हतं. पोरगी मरावी असं त्याला वाटत नव्हतं, पण हुसेनला दिलेला शब्द आणि हुसेननं त्याला दिलेला, हे एका घोटात जाणार होतं. तो हुसेनकडं बघायला लागला. हुसेनला तोंड उघडून 'पाज' म्हणवेना आणि 'नको'ही म्हणवेना. मग रमजानला एकाएकी सुचलं.

"वाटीत पिळून दिलं तर? चमच्यानं? अंगाला लावायचंच न्हाई! मग कुठलं नातं?"

"मला काय इचारताय?" नर्सबाई म्हणाली. "चमच्यानं पाजा, न्हाईतर पळीनं. पण पाजा."

"मौलवीसाबांना इचारतो. वडूजला जाऊन आलोच. मी येईपतूर कुणी काय करू नगा!" आणि तो सायकलीवर टांग टाकून, डोक्यावरचा भुसा तसाच घेऊन, वडूजच्या वाटेला लागला. जायला चार कोस, यायला चार.

शालूबाईला आपल्या निकालाचं आता वाईट वाटत होतं. ती उठली आणि सुनेला, बनुबाईला, घेऊन आली. तिचं पोर तीन महिन्यांचं. बनुबाई लाजरी. एवढ्या बायकांत पदर वर करायचा म्हणून तिनं आधी भिंतीकडं तोंड केलं, मग कोपऱ्याकडं, मग पोरीचा पाय कुठं आणि डोकं कुठं तेच तिला दिसेना. जैतूननं एकदा चोखल्यासारखं केलं, रबर न्हाई म्हटल्यावर मान टाकली. तेवढ्यात बनुबाईचं स्वतःचं पोर शेजारच्या घरातनं ओरडायला लागलं.

"मामी, मी जाऊ?" बनुबाई रडवेली होऊन सासूला म्हणाली.

मेहरुनबी कोपऱ्यात बसली होती. आई म्हणायची, जैतून कण्हली की हिची चोळी ओली व्हायची. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग सगळीच. तिनं दोन्ही हात छातीशी आवळून धरले होते. दस्तगीर रांगत आला आणि मांडीवर चढायला लागला.

"थांब रं नवरदेवा," ती म्हणाली. "तुझ्याच भानगडीत बसलीया मी."

आणि मग जैतूनचं कण्हणं थांबलं.

घर गप झालं. नर्सबाईनं चमचा खाली ठेवला आणि पोरीच्या छातीला कान लावला. "हाय," ती म्हणाली. "पण रडायची ताकद संपली."

मेहरुनबी उठली. दस्तगीरला तिनं माझ्या आईच्या मांडीत टाकलं आणि पोरीला उचललं.

"भाबी," नूरजहां तापातनं म्हणाली, "रमजानभाईंना दिलेला शबूद…"

"शबूद मोडला तर भाकरी बंद करंल, घरातनं काढंल. काढू दे. काढून कुणाला इचारंल, मीठ कुठं ठिवलंय म्हणून?" ती मांडी घालून बसली. "सून सून करत बसले तर मयत हुईल पोरगी. चमचा कशाला? तोंड हाय की तिला."

तिनं आधी बोटानं दाबून थेंब पोरीच्या ओठांवर पाडले. एक, दोन, चार. पोरीची जीभ हलली. मेहरुनबी बोलायला लागली, बांगड्या भरताना बोलायची तशी, "काय गं जैतून, बाप तुझा सांगलीला गेला, काय आणलं म्हणं? वाकडी बाटली आणली म्हणं? आणि तुला गोड लागली व्हय गं ती? खरं सांग…" आणि पोरीनं काय ते सांगायला तोंड उघडल्यासारखं केलं, तसं तिनं बरोबर त्या क्षणाला लावलं. नेमकं, दाबून, खोल. पोरगी गुदमरली, थांबली, आणि मग ओढायला लागली.

कणगीजवळ हुसेन उभा होता. भिंतीकडं तोंड करून तो हमसून रडला. शालूबाई त्याला म्हणाली, "आरं मुडद्या, आता कशाला रडतुयास? आता पितीया की ती!"

दुपार कलली तेव्हा रमजान परतला. सदरा अंगाला चिकटलेला, सायकलची साखळी दोनदा पडल्यामुळं हात काळे. दारातच त्यानं बघितलं. जैतून मेहरुनबीच्या मांडीवर पोट भरून झोपली होती, ओठावर दुधाचा थेंब.

"किती येळ झाला?" त्यानं विचारलं.

"तुमी गावाची शीव वलांडली नसंल," मेहरुनबी म्हणाली. "मौलवीसाब काय म्हणाले?"

रमजान उंबऱ्यावर बसला. हुसेननं पाण्याचा तांब्या दिला. तो अर्धा प्याला, अर्धा डोक्यावर ओतला, आणि सांगायला लागला.

"मी म्हणलं, वाटीनं दिलं तर? ते म्हणाले, पोटात जातंय का? मी म्हणलं, जातंय. म्हणाले, मग नातं लागलं. मी म्हणलं, अर्धा घोट? म्हणाले, अर्धा घोट काय पोटाबाहेर ऱ्हातोय? मी म्हणलं, पाण्यात मिसळून? तवा ते म्हणाले, पोरगी कशी हाय? मी म्हणलं, मराय टेकलीया. तसे उठले, माझी सायकल धरली, गावाकडं तोंड करून फिरवली आणि पाठीत धपाटा घातला. म्हणाले, मूर्खा, हे इचारायला आठ कोस पायडल मारतुयास? जीव वाचवायचा का सोयरीक?"

नर्सबाईनं तोंडाला पदर लावला.

"म्हंजे सून गेली," रमजान म्हणाला.

"गेली," मेहरुनबी म्हणाली.

"आणि शबूद बी मोडलास."

"मोडला."

रमजाननं आपले काळे हात उलटसुलट करून बघितले. आई म्हणायची, आता हा हात उचलतो का काय असं वाटलं. पण तो एकदम म्हणाला, "मौलवीसाब आणि एक म्हणाले. बाईचं दूध तिच्या घरधन्यामुळं येतंय. तवा ती आई लागली तर बाप मी बी लागतो."

"आँ?" हुसेन म्हणाला.

"बाप," रमजान म्हणाला. "ह्या पोरीचा."

तो उठला, पाळण्याकडं गेला आणि बाटलीचा काळा दोरा तोडला.

"रमज्या, सांगलीवरनं आणलीया ती!" हुसेन ओरडला.

"आसंल. माझ्या लेकीला काचंचं थान चालायचं न्हाई. उकिरड्यावर टाक."

"तुझी लेक? नऊ वर्सं पिराला चादरी कुणी चढवल्या?"

"चादरी तू चढवल्यास आणि पाजलं कुणी? माझ्या घरानं!"

जन्मात कधी न भांडलेले दोन दोस्त पहिल्यांदा भांडले ते असे, लेक कुणाची म्हणून, आणि अर्थातच मराठीत. पोरगी दचकून जागी झाली तेव्हा सगळ्या बायका मिळून त्यांच्यावर अशा ओरडल्या की दोघं मुकाट्यानं ओढ्याकडं गेले.

नूरजहांचा ताप दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला. शेकून शेकून, पिळून पिळून, आणि पोरीला दर वेळी आधी आईच्या अंगाला लावून पाचव्या दिवशी तिला दूध फुटलं. तोवर मेहरुनबी दिवसातनं सहा-सात खेपा घालायची. एका अंगाला नवरदेव, दुसऱ्या अंगाला नवरी, आणि पुढ्यात कुणाचा तरी हात बांगड्या भरायला. दस्तगीर बहिणीचे केस ओढायचा. सख्ख्या भावाला शोभंल असंच वागायचा.

हगवण थांबायला मात्र आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात रमजाननं गावाला जीव नकोसा केला. सकाळी तोंड धुवायच्या आधी तो हुसेनच्या दारात उभा असायचा.

"नूरजहां, रातीत किती येळा?"

"चारदा, भाईजान."

"पातळ का दाट?"

"पातळच."

तो मान हलवत जायचा, दुपारी परत यायचा, सांजला परत. बाजारच्या दिवशी हुसेन कुंकवाची पुडी बांधत होता आणि रमजान पलीकडं एका पाटलिणीचा हात धरून बांगड्या भरत होता. मेहरुनबी गावातनं मागाहून चालत आली. रमजाननं तिला रस्त्याच्या त्या टोकाला बघितलं आणि बाजारातल्या सगळ्या माणसांच्या डोक्यावरनं ओरडला, "काय गं? आज?"

"एकदाच!" मेहरुनबी तिकडनं ओरडली. "पिवळी! घट्ट!"

रमजाननं पाटलिणीचा हात सोडला आणि हुसेनच्या पाठीवर अशी थाप मारली की कुंकवाची पुडी फुटून दोघं लाल झाले.

"काय झालं हो, मणेर?" पाटलीणबाईनं भिऊन विचारलं.

"लेकीला बरं वाटतंय," दोघं एकदम म्हणाले, आणि परत भांडायला लागले.